‘आम्ही’ म्हणजे कोण कोण

पार्वतम्मा आली ती मागच्या दाराने. बाळीवेशीतल्या या घरात ती जन्मली, पुढच्या दारातून तिची वरात अक्कलकोटला गेली आणि दोन्ही बाळंतपणांना ती त्याच दाराने आत आली. पण तिच्या नवऱ्याने, भीमाशंकरने, अक्कलकोट रोडची शेड बंद करून सगळे माग विकले आणि तो भिवंडीकडे कुठेसा तोंड लपवून बसला, तेव्हापासून ती परसातल्या दाराची कडी वाजवते. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

कडी सिद्धम्माने काढली. धाकट्या भावजयीने नणंदेकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि "या" एवढंच म्हणाली. पिशवीत शेंगाच्या पोळ्या होत्या. नवऱ्याने आमच्या थोरल्यांना कोर्टात उभं केलं आणि बाईसाहेब पोळ्या घेऊन आल्या, हे सिद्धम्मा बोलली नाही, पण पार्वतम्माला ते तिच्या तोंडावर दिसलं.

"अण्णा?"

"पूजेला बसलेत. आज लई वेळ लागलाय."

पार्वतम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच टेकली. चुलीपुढे नीलम्मा, थोरली भावजय, भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. भाकरी उलटायची तेवढी उलटली, पिठाचा हात पुसला आणि पाण्याचा तांब्या नणंदेपुढे सरकवला. या घरातलं प्रेम हे असंच, सरकवून दिलेलं. पार्वतम्माच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते धुराच्या नावावर खपवलं.

मधल्या खोलीत अण्णा, थोरला रुद्रप्पा, डोळे मिटून बसला होता. डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर ओलं धोतर. रोज पूजेला बसला की त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलत नसे. आज डोळे मिटलेले होते, पण बुबुळं पापण्यांखाली फिरत होती. उद्या त्याची साक्ष होती.

धुळाप्पा अंगणात येरझारा घालत होता. पायात चप्पल नाही, बंडीची बटणं उलटसुलट लावलेली. मोठ्या भावाची पूजा संपण्याची वाट पाहणं त्याला लहानपणापासून अंगवळणी पडलं होतं, पण आज ते काही केल्या जमत नव्हतं. पार्वतम्माला पाहून तो थांबला.

"आलीस? बरं झालं. ऐक, वकील काय म्हणाले ते तुला बी कळू दे."

ते तिला कळलेलं होतं. भीमाशंकरने शेड भाड्याने घेतली तेव्हा शेडचा मालक जोतीराम माने अडून बसला होता, जामीन पाहिजे म्हणून. रुद्रप्पा जामीन राहिला. मग दुष्काळ पडला, सूत महागलं, वीज दिवसाआड मिळू लागली आणि भीमाशंकरने गाशा गुंडाळला. जोतीरामाने थकलेल्या भाड्याचा आणि राहिलेल्या मुदतीचा दावा लावला, तो पळालेल्या भाडेकरूवर आणि जामिनावर. इथवर सगळं सरळ होतं. पण जोतीरामाचा वकील हुशार निघाला. त्याने धुळाप्पालाही दाव्यात ओढलं. का, तर जामीनपत्राची सुरुवातच अशी होती: ‘आम्ही, रुद्रप्पा ईरप्पा हलकुडे, लिहून देतो की...’

"एका शब्दावर आलंय सगळं," धुळाप्पा म्हणाला. "अण्णा ‘मी’ जामीन राहिलो म्हणाले, तर त्यांच्या एकट्याच्या हिश्शावर टाच. ‘आमी’ म्हणाले, तर घराचे कर्ते म्हणून सगळ्यांच्या वतीनं राहिले असं धरणार. म्हंजे अख्खं घर गेलं, दुकान बी गेलं. पळनिटकर वकिलांनी बजावून सांगितलंय, उद्या पिंजऱ्यात उभे राहिलात की ‘मी’. चुकून बी ‘आमी’ न्हाय."

पार्वतम्मा भावाकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसू येतंय याचीच तिला भीती वाटली.

"धुळाप्पा, अण्णा आणि ‘मी’?"

"तेच तर," धुळाप्पा म्हणाला आणि पुन्हा फिरू लागला.

*

तालीम मधल्या खोलीत झाली. धुळाप्पाने पेंडेचं एक रिकामं पोतं घडी करून खुर्चीवर टाकलं आणि वकील होऊन त्यावर बसला. रुद्रप्पा समोर उभा राहिला, खरोखरच पिंजऱ्यात उभं राहावं तसा, दोन्ही हात पुढे धरून. सिद्धम्मा दाराशी. पार्वतम्मा भिंतीला टेकून. नीलम्मा चुलीपाशीच होती, पण भाकरी थापल्याचा आवाज मघाच बंद झाला होता.

"नाव?"

"रुद्रप्पा ईरप्पा हलकुडे."

"धंदा?"

"आमचं सरकी-पेंडचं दुकान हाय, मंगळवार पेठेत."

"माझं," सिद्धम्मा म्हणाली.

"आं?"

"आमचं न्हाय. माझं म्हणायचं."

"माझं कसं म्हणू?" रुद्रप्पाला खरंच कळेना. "धुळाप्पाचं बी हाय की ते."

"तेवढं चालतंय," धुळाप्पा घाईने म्हणाला. "दुकान आमचं, घर आमचं. जामीन तेवढा माझा. बरं. भीमाशंकर कोनापुरे तुमचे कोण?"

"आमच्या घरचे जावई."

"शेडच्या भाड्याला त्यांना जामीन कोण राहिलं?"

"आमी."

"मी!" सिद्धम्मा आणि धुळाप्पा एकदम म्हणाले.

"मी," रुद्रप्पा म्हणाला. पावकी म्हणणाऱ्या पोरासारखं नुसतंच म्हणाला.

"परत. जामीन कोण राहिलं?"

"आमी... मी. आमी म्हंजे मीच की रं."

धुळाप्पाने मांडीवर थाप मारली. "संपलं! असं म्हणालात तर तितंच निकाल लागंल. ‘आमी’ तोंडातच यायला नको, अण्णा."

"कन्नडात म्हणून बघा की," पार्वतम्मा मध्येच बोलली. "मी म्हंजे नानु. म्हणा. नानु."

"नावु," रुद्रप्पा म्हणाला. म्हणजे पुन्हा ‘आम्ही’.

सगळे हसले. धुळाप्पा हसला, सिद्धम्मा पदर तोंडाला लावून हसली, रुद्रप्पासुद्धा ओशाळं हसला. कित्येक दिवसांत या घरात असं कुणी हसलं नव्हतं. एक नीलम्मा हसली नाही.

तिला पहिला दिवस आठवत होता. ती नव्याने या घरात आली तेव्हा सासरा वारलेला, सासू अंथरुणाला खिळलेली आणि नवरा नुकतं मिसरूड फुटलेला. दुपारी तो दुकानातून आला, पाय धुतले आणि म्हणाला, "आमाला वाढा." तिने ताट वाढलं. तो ताटाकडे बघत बसला. जेवेना. तिला वाटलं काही चुकलं, मीठ विसरलं, तांब्या उष्टा दिला. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "धुळ्याचं ताट?" तेव्हा तिला कळलं. परसात माती खेळत बसलेलं ते शेंबडं पोर आणि हा, मिळून ‘आम्ही’. त्या दिवसापासून आजवर तो "आमाला वाढा" म्हणाला की ती दोन ताटं घेत आली. धुळाप्पाचं लग्न झालं, त्याला मुलगे झाले, तरी दोन ताटं शेजारी शेजारीच. ‘आमी’ तो बाजारात शिकला होता. बाप गेल्यावर पेठेतले व्यापारी विचारत, माल उधार घेतोस, देणार कोण? एकट्या पोराने ‘मी’ म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. म्हणून तो म्हणे, "आमी देणार." आणि मागे कुणीही नव्हतं.

ती दारात येऊन उभी राहिली.

"पुरं करा," नीलम्मा म्हणाली. "कशाला त्यांच्या तोंडातला शब्द काढून घेताय? दुकान वाढवलं तेव्हा आमी. धुळाप्पांचं लग्न केलं तेव्हा आमी. पार्वतम्माला दिली तेव्हा आमी. तवा गोड लागलं. आणि भरायची वेळ आली की मी?"

"वैनी, तसं न्हाय," धुळाप्पा उठला.

"मग कसं? निम्मं घर जाणार म्हंजे मधी भिंत येणार. पुढच्या खोल्यांत तो मान्यांचा माणूस राहणार, न्हायतर लिलावात कोण घेईल तो. आमी कुटं जायचं? तुमच्या परसात?"

"आणि आमी बी रस्त्यावर यायचं का सोबतीला?" सिद्धम्माचा आवाज चढला. "आमची दोन लेकरं हायत. ज्यांना लेकरंच न्हाईत त्यांना अर्धं घर काय आणि पाव काय!"

 धुळाप्पाने बायकोकडे असं पाहिलं की ती भिंतीशी सरकली. पण तिने शब्द मागे घेतला नाही. घेता येण्यासारखा तो नव्हताच.

 नीलम्मा नवऱ्याकडे बघत होती. त्याने आता तरी बोलावं. एकदा तरी तिच्या बाजूने.

"सिद्धम्माचं खरं हाय," रुद्रप्पा म्हणाला. "पोरांच्या डोक्यावर छप्पर पाहिजे."

सिद्धम्माच्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते या वाक्याने झालं. नीलम्मा वळली आणि चुलीपुढे जाऊन बसली. तव्यावरची भाकरी करपली होती.

पार्वतम्मा पुढे आली. जे सांगायला ती अक्कलकोटहून आली होती ते तिने आता सांगितलं. "अण्णा, तुमी असं म्हणा, की मी साक्षीदार म्हणून सही केली. जामीन म्हंजे काय ते कळलंच न्हाय. सगळं त्यांच्यावर जाऊ दे. माझ्या कुंकवाचं मी बघते. पण ह्या घराला माझ्यापायी भिंत नको."

रुद्रप्पाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, ती लहान असताना ठेवी तसा.

"जोतीरामानं आमाला विचारलं होतं, पार्वती. म्हणाला, अण्णा, जावई तुमचा, पण उद्या पळाला तर? आमी म्हणालो, आमी हाय की. त्याच्यावर त्यानं किल्ली दिली. आता कळलं न्हाय म्हणून कसं म्हणू?"

आणि या वेळी ‘आमी’ कुणी दुरुस्त केला नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही.

*

कोर्टाच्या व्हरांड्यात जोतीराम माने आधीच येऊन बसला होता. नातेपुत्याचा माणूस, गावाकडचा मळा गहाण टाकून त्याने अक्कलकोट रोडला शेड बांधली होती. हलकुडे बंधू आलेले दिसताच तो उठून उभा राहिला. त्याने हात जोडावेत की नाही हे त्यालाच कळेना, म्हणून त्याने टोपी नीट केली.

"रामराम, अण्णा."

"शरणु," रुद्रप्पा म्हणाला. "कवा आलात?"

"सकाळच्या गाडीनं. अण्णा, माझा तुमच्यावर राग न्हाय बगा. पर ब्यांकेचा मानूस रोज दारात येतुया. तुमी हाय म्हणलं म्हणून मी दिली शेड. त्या भीमाशंकरला मी वळखत बी नव्हतो."

"तुमचं बरोबर हाय."

धुळाप्पाला दोघांचाही राग आला. ज्याच्याशी भांडायचं तो बाकावर सरकून जागा देतो आणि आपला भाऊ त्याच्या शेजारी बसून पानाची चंची उघडतो. याला कोर्ट म्हणायचं की सोयरीक? तो खांबाला टेकून उभा राहिला आणि मनातल्या मनात घोकत राहिला, मी, मी, मी. जणू त्याने घोकलं की अण्णाच्या तोंडात ते उतरणार होतं.

पुकारा झाला. रुद्रप्पा पिंजऱ्यात चढला. नवं धोतर, काळा कोट, कपाळावर विभूती. शपथ घेताना त्याने कोटावरूनच छातीवरच्या लिंगाला हात लावला. तो बोलणार ते मराठी, जजसाहेब इंग्रजीत सांगणार, टंकलेखक बडवणार. धुळाप्पाला एवढं कळत होतं की इंग्रजीत ‘मी’ला एकच अक्षर असतं. तेवढंच तर हवं होतं.

पळनिटकर वकिलांनी नाव, गाव, धंदा विचारला आणि मग मुद्द्यावर आले.

"भीमाशंकर कोनापुरे यांच्या भाडेपट्ट्याला जामीन कोण राहिलं?"

रुद्रप्पाने भावाकडे पाहिलं. 

"मी," रुद्रप्पा म्हणाला.

स्वच्छ म्हणाला. टंकलेखकाचं यंत्र खडखडलं. धुळाप्पाचं घोकणं थांबलं.

"तुमचे धाकटे बंधू धुळाप्पा यांचा या जामिनाशी काही संबंध?"

"न्हाय. धुळाप्पाचा काय संबंध न्हाय. मी एकटा."

हे असंच म्हणायचं ठरलं होतं. धुळाप्पाने स्वतः ते वाक्य काल पाठ करून घेतलं होतं. तरी ते ऐकताना त्याला कुणीतरी घरातून हाताला धरून बाहेर काढावं तसं झालं. काय संबंध न्हाय. जजसाहेबांनी ते इंग्रजीत म्हटलं, यंत्राने ते उतरवून घेतलं, आणि आता ते सरकारी कागदावर कायमचं झालं.

"सही करण्याआधी तुम्ही भावाला विचारलं होतं?"

"न्हाय. विचारायची पद्धत न्हाय आमच्यात."

जोतीरामाचा वकील त्या ‘आमच्यात’ला उठलाच. बारीक, चष्मेवाला माणूस, आवाज मात्र गोड.

"रुद्रप्पाअण्णा," त्याने उलटतपास सुरू केला, "जामीनपत्र तुम्ही बोललात आणि लेखनिकाने जसंच्या तसं लिहिलं. बरोबर?"

"व्हय."

"त्यात ‘आम्ही’ आहे."

"ती बोलायची पद्धत हाय."

"छान. मग आज इथं ‘मी’ कसं? पद्धत बदलली?"

रुद्रप्पा घोटाळला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "वकिलांनी सांगितलं, नीट बोला म्हणून."

कोर्टात हशा पिकला. पळनिटकरांनी कपाळाला हात लावला. जजसाहेबही ओठ दाबून कागद चाळू लागले. चष्मेवाला हसला नाही. तो पिंजऱ्याच्या अगदी जवळ गेला.

"तुम्ही शिवभक्त माणूस. शपथेवर आहात. एवढंच सांगा. घरी जेवायला मागताना काय म्हणता? ‘मला वाढ’ म्हणता, की ‘आम्हाला वाढा’?"

"हरकत आहे," पळनिटकर ओरडले. "घरच्या जेवणाचा दाव्याशी काय संबंध?"

"संबंध आहे. ‘आम्ही’ म्हणजे ते एकटे, की सगळं घर, हेच ठरवायचं आहे."

जजसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाहेर दुसऱ्या दाव्याचे लोक ताटकळले होते. प्रश्न घेतला आहे, ते म्हणाले. उत्तर पुढच्या तारखेला, इथूनच पुढे.

व्हरांड्यात आल्यावर पळनिटकरांनी रुद्रप्पाचं कोपर धरलं. "घाबरू नका. ‘मला वाढ’ म्हणतो असं सांगायचं. तुमच्या स्वयंपाकघरात कोण येतंय ऐकायला?"

"पण म्हणत न्हाय मी तसं."

"अहो, सांगायला काय जातंय?"

"विभूती लावून?" रुद्रप्पाने विचारलं. त्याला खरंच उत्तर हवं होतं. वकिलांनी कोपर सोडलं.

घरी येताना दोघे भाऊ चालत आले. देवळाच्या तळ्याकाठून जाताना रुद्रप्पा नेहमी हात जोडायला थांबे. आज थांबला नाही. त्याचे ओठ हलत होते. धुळाप्पा जरा मागे होता. त्याला वाटलं अण्णा मंत्र म्हणतोय. जवळ गेल्यावर ऐकू आलं: "मला पाणी दे. मला वाढ. माझं धोतर कुटं हाय."

*

पार्वतम्मा थांबली होती. निकाल लागल्याशिवाय जाणार नाही म्हणाली, आणि निकाल असा एका दिवसात लागत नसतो हे तिला सांगायला कुणाला धीर झाला नव्हता. सिद्धम्माने तिन्हीसांजेच्या आतच स्वयंपाक उरकला होता. सकाळपासून थोरली जाऊ तिच्याशी बोलली नव्हती. सिद्धम्माही बोलली नव्हती, पण तिने नीलम्मा करते तशी पातळ कडक भाकरी केली होती आणि शेंगाची चटणी खलबत्त्यात कुटली होती, थोरल्यांना पाट्यावरची चालत नाही म्हणून. कालचं ते वाक्य तिला दिवसभर टोचत होतं. पण आपली दोन पोरं डोळ्यांपुढे आली की तिला वाटे, खोटं काय बोलले मी?

बाहेर पावलं वाजली. धुळाप्पा परसात हातपाय धुवायला गेला. रुद्रप्पा थेट स्वयंपाकघरात आला आणि रोजच्या पाटावर बसला.

"मला वाढ," तो नीलम्माला म्हणाला.

नीलम्माचा हात ताटांच्या उतरंडीवरच राहिला. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"काय म्हणालात?"

"मला वाढ म्हणालो. आता घरात असंच म्हणणार मी. पुढच्या तारखेला विचारणारेत, घरात काय म्हणता. तवा खरं सांगता आलं पाहिजे. खोटं मला बोलता यायचं न्हाय. मग खरंच तसं म्हणायला लागायचं." तो सिद्धम्माकडे वळला. "चुकलो तर तू टोक. तुझं बरोबर ध्यान असतंय."

सिद्धम्माने मान हलवली. ही तर सुटका होती. हीच हवी होती तिला.

नीलम्माने एक ताट घेतलं. एकच. भाकरी, आमटी, कांदा. पाटापुढे ठेवलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली.

धुळाप्पा ओले हात झटकत आत आला. नेहमीच्या सवयीने तो भावाच्या शेजारी बसायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. खाली ताट नव्हतं. त्याने वहिनीच्या पाठीकडे पाहिलं, मग भावाकडे.

"बस की," रुद्रप्पा म्हणाला. "तुला तुझं वेगळं मागायला लागंल. मी माझं मागितलं."

तो रागाने म्हणाला असता तर धुळाप्पा भांडला असता. पण रुद्रप्पा समजावून सांगत होता, लहानपणी चपलेचा अंगठा कसा धरायचा ते सांगे तसं. चाळिशीला आलेला धुळाप्पा उभ्या उभ्या रडायला लागला. तोंड वेडंवाकडं करून, आवाज न आवरता. पार्वतम्माने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

सिद्धम्मा पाहत होती. नवऱ्याला तिने असं कधी पाहिलं नव्हतं. थोरलं पोर पडलं तेव्हा नाही, सासू गेली तेव्हा नाही. तो खाली बसला, ताटाविना, भावाच्या गुडघ्याला गुडघा लावून.

"वैनी," तो म्हणाला, "आमाला वाढा."

ताट मागताना हा शब्द त्याने जन्मात कधी वापरला नव्हता. तो थोरल्याचा होता.

"धुळाप्पा, येड्यागत करू नको," रुद्रप्पा म्हणाला. "घर जाईल."

"विचारू दे त्यांना. मला बी विचारतील की. मी बी सांगीन."

"पोरं हायत तुझी."

 धुळाप्पाने मान वळवून सिद्धम्माकडे पाहिलं. नीलम्मानेही भिंतीकडचं तोंड वळवलं आणि तीही सिद्धम्माकडेच पाहू लागली. मागायला नाही, रागानेही नाही. नुसतीच थांबली. दुसरं ताट घ्यायचं की नाही हे आता नीलम्माच्या हातात नव्हतं, आणि ते तिने सिद्धम्मावर सोडलं होतं.

सिद्धम्माला परसातून पोरांचा दंगा ऐकू येत होता. पाणी उडवत होते, भांडत होते, "माझं हाय, माझं हाय" म्हणून बादलीसाठी ओढाताण चालली होती. तिला घराची पुढची खोली दिसली, मागची दिसली, मध्ये उभी राहिलेली विटांची भिंत दिसली. भिंतीच्या अलीकडे ती, नवरा आणि पोरं, डोक्यावर छप्पर असलेले. आणि तिथं ताटावर एकटा बसलेला तिचा नवरा, जेवायला विसरलेला. मग दिसलं की भिंत नसेल, कारण घरच नसेल. तिला फार भीती वाटली. तिने उतरंडीवरचं दुसरं ताट काढलं, वाढलं आणि आणून पहिल्या ताटाला टेकवून ठेवलं.

"अक्का," ती नीलम्माला म्हणाली, "काल मी..."

"आमटी गार झालीय," नीलम्मा म्हणाली. "गरम कर जरा."

दोघे भाऊ जेवू लागले.  भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज. रुद्रप्पा मान खाली घालून चार घास जेवला असेल नसेल, आणि काहीतरी शोधत त्याने दोन्ही ताटांवरून नजर फिरवली.

"आमाला चटणी वाढली न्हाय की," तो म्हणाला.

म्हणाला आणि थबकला. घास हातात तसाच. शब्द कुठून निघाला ते आपल्यालाच कळलं नाही, अशा नजरेने तो सिद्धम्माकडे बघू लागला, ती टोकेल म्हणून.

सिद्धम्माने खलबत्ता उचलला आणि दोन्ही ताटांत चटणी वाढली.